मच्छरदाणीतले चप्पन कद्दू

काडेपेटीत जिवंत भुंगे घालून कापडाच्या दुकानात जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत असे. आम्ही त्यांना काका म्हणायचो, कारखान्यातले लोक इन्स्पेक्टर साब म्हणायचे, आणि ज्यांचा माल त्यांनी परत पाठवलेला असे ते लोक काय म्हणायचे, हे इथे लिहिण्यासारखं नाही.

लग्न होऊन मी साताऱ्याहून निघाले ती थेट भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्येच येऊन पडले. सगळी क्वार्टर्स जुळी, दोन घरांच्या मधे छातीएवढी भिंत, पुढे अंगण. अंगणात ज्याची त्याची बाग. पहिल्या महिन्यात मी घोसाळ्याला गिलकी आणि दुधीला लौकी म्हणायला शिकले. पण त्याआधी, अगदी पहिल्याच सकाळी, मी कपडे वाळत घालत असताना भिंतीपलीकडून एक टक्कल वर आलं.

"सूनबाई, तुमची दोरी उताराला आहे. सगळे कपडे डावीकडे गोळा होणार. यजमानांना सांगा, डावा खिळा वर घ्या."

नमस्कार नाही, चमत्कार नाही, नाव-गाव काही नाही. मला राग आला. दुपारी वाऱ्याने सगळे कपडे डावीकडे गोळा झालेले पाहिले, तेव्हा आणखी राग आला.

काकांचं काम कारखान्यात तयार माल तपासायचं. वस्तू गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसली तर पास, नाही बसली तर रिजेक्ट. मधलं काही त्यांना ठाऊकच नव्हतं. कारखान्याचा भोंगा वाजून पाळी सुटायची, माणसं सायकलींवरून सोनागिरीच्या बाजूने घरी यायची, पण काकांची पाळी काही सुटायची नाही. दूधवाल्याचं माप, इस्त्रीवाल्याची घडी, पोस्टमनने मारलेली घंटी, सगळं तपासून व्हायचं. गणपतीत आमच्या मराठी मंडळात बायकांनी मोदक करून आणले. काकांनी ते ओळीने मांडलेले पाहिले, माझ्या ताटाशी थांबले आणि म्हणाले, "कळ्या कमी आहेत. हा गाठोड्यात जातो, मोदकात नाही." मी रडायच्या बेतात होते. मग त्यांनी त्याच ताटातले मोदक एकामागून एक उचलून खाल्ले आणि शेवटी बोटं चाटत म्हणाले, "सारण पास." पुढे रिटायर झाले तेव्हा निरोपसमारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते त्यांनी स्टेजवरच कानाला लावलं, मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि माइकवरून सांगितलं की हे मागे पडतंय. तो त्यांचा निरोपाचा सगळा मजकूर.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "आत आलेलं निस्तरत बसण्यापेक्षा दारातच अडवलेलं बरं." पाव्हण्यांपासून पालींपर्यंत सगळ्यांना ते हे लावायचे. मला वाटायचं, हा कारखान्याचा खाक्या. काकूंना पाहिल्यावर ते वाक्य मला वेगळं ऐकू यायला लागलं.

काकू घराबाहेर यायच्या नाहीत. अंगणाकडच्या खिडकीला काच, काच कायम बंद, आणि त्या काचेमागे खुर्चीत बसलेल्या काकू. गोऱ्या, बारीक, हसऱ्या. मी भिंतीवरून काही विचारलं तर आतून हाताने खूण करायच्या. एके काळी त्या शाळेत गाणं शिकवायच्या, हे मला कुणीतरी सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. गॅसच्या रात्री त्या जुन्या शहरात बहिणीकडे मुक्कामाला होत्या. भोपाळात 'गॅस' एवढंच म्हणतात, पुढे काही सांगावं लागत नाही. तेव्हापासून धूर, धूळ, उग्र वास, काहीही जरा जास्त झालं की त्यांचा श्वास अडकायचा. आणि सकाळच्या वेळी आमच्या गल्लीच्या हवेत एक गोष्ट हमखास असायची. ती म्हणजे पावडर.

काकडी-भोपळ्याच्या वेलांवर तांबडे भुंगे पडतात. बोटाच्या नखापेक्षा लहान, दिसायला देखणे, पण कोवळं पान एका रात्रीत चाळणी करून ठेवतात. त्यातून वाचलं तर फळमाशी येऊन कोवळ्या फळाला डंख मारते आणि आत अळ्या होतात. यावर गल्लीचा एकच उपाय होता. जुन्या मोज्यात किंवा फडक्यात कीड मारायची पावडर बांधायची आणि पहाटे, पानांवर दव असताना, ती पोटली काठीने पानांवर झटकायची. दव असलं की पावडर पानाला धरते. एका अंगणात सुरू झालं की दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. म्हणून पाळीला निघण्याआधी काका काकूंच्या खिडकीच्या फटीत ओलं फडकं कोंबून ठेवायचे.

एका रविवारी काका घरोघर फिरले. त्यांना गोड बोलायची सवय नव्हती, म्हणून फार वाईट दिसत होतं ते. समोरच्या मिश्राजींकडे गेले तेव्हा मी आमच्या दारातच होते.

"मिश्राजी, पावडर बंद कीजिए. मेरी मिसेस को तकलीफ होती है."

मिश्राजी कारखान्यात फोरमन. माणूस वाईट नव्हता, पण त्यांची गिलकी म्हणजे त्यांचा प्राण. ते म्हणाले, "इन्स्पेक्टर साब, भाभीजी का हमें भी दुख है. पर बंद कर दें तो ये कीड़े पत्ता नहीं छोड़ते. बिना पावडर के आप उगाके दिखा दो. फल आ गया, तो बरसात की बेल पर कोई डिब्बा नहीं खोलेगा. मैं खुद सबसे बोलूंगा."

"और नहीं आया तो?"

"तो आप फिर मत कहना," मिश्राजी म्हणाले.

काका परत येताना माझ्यापाशी थांबले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "सूनबाई, कीड मारायचं औषध आमच्या घरात एकदा येऊन गेलंय. आता पुन्हा नको." एवढंच बोलले आणि आत गेले. गॅस सुटला तो शहरातला दुसरा कारखाना कीड मारायच्या औषधाचाच होता. त्या दिवसापासून मी उघडउघड काकांच्या पक्षात गेले, मोदकांचं वैर विसरून.

दुसऱ्या रविवारी करोंदच्या मंडीतून बी आलं. चप्पन कद्दू. हा भोपळा वेलासारखा धावत नाही, एकाच जागी झुडपासारखा वाढतो आणि कोवळा, हिरवा असतानाच खातात. काकांनी तो का निवडला तर तो एका जागी बसतो म्हणून. "वेल म्हणजे बेशिस्त. आज माझ्याकडे, उद्या तुमच्याकडे. याच्याभोवती पहारा ठेवता येतो."

रोपं उगवली आणि भुंगे हजर झाले. आधी काकांनी राख आणली, इस्त्रीवाल्याच्या कोळशाची. पण कोरडी राख उडाली आणि काकू खोकायला लागल्या. मग राख पाण्यात कालवून ब्रशने एकेक पान रंगवायला सुरुवात केली. गल्लीतली पोरं बघायला जमायची. मग पाळीला निघायच्या आधी, अंधारातच, टॉर्च आणि चिमटा घेऊन भुंगे वेचायला लागले. पहाटेच्या गारव्यात भुंगे सुस्त असतात, धरता येतात. काका ते साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकायचे आणि प्रत्येकाला टाकताना "रिजेक्ट" म्हणायचे. पण ते पहिल्या पाळीला गेले की मागे नवे भुंगे यायचे. शेवटी त्यांनी काडेपेटी घेतली.

जवाहर चौकातल्या कापडाच्या दुकानात मी त्यांच्याबरोबर होते, मला परकराचं कापड घ्यायचं होतं म्हणून. काकांनी पडद्याच्या मोठ्या भोकांच्या जाळीपासून मच्छरदाणीपर्यंत सगळे तागे काढायला लावले. मग खिशातून काडेपेटी काढली, पडद्याची जाळी हातावर ताणली आणि एक भुंगा तिच्यावर सोडला. भुंगा चालला, थांबला, डोकं घालून पाहिलं आणि आरपार गेला.

"ये रिजेक्ट," काका म्हणाले. "इससे बारीक."

दुकानदाराने तोंडातलं पान गालात सरकवलं. "भाईसाब, परदे की जाली है. हवा के हिसाब से बनी है. आप ये कौन जानवर लाए हो?"

"ग्राहक," काका म्हणाले. "ये पसंद करेगा वही लूंगा."

गिऱ्हाइकं जमली. कुणी भुंग्यावर, कुणी जाळीवर, अशा पैजा लागल्या. मच्छरदाणीच्या बारीक जाळीवर भुंग्याने बराच वेळ डोकं आपटलं आणि तो उडून दुकानदाराच्या शर्टावर बसला. काकांनी "पास" म्हणून ताग्यावर हात ठेवला. आता हसू येतं, पण तेव्हा मी परकराचं कापड न घेताच दुकानाबाहेर जाऊन उभी राहिले होते.

बांबू रोवून काकांनी अंगणात त्या जाळीची खोलीच उभी केली. माणूस आत वाकून जाईल एवढी. खालून कडेने विटा, दाराला दोन पदर, म्हणजे एक उघडताना दुसरा बंद. आणि खरंच, आत एक भुंगा शिरला नाही. पानं ताटाएवढी झाली. पिवळीधमक फुलं आली. मिश्राजी येऊन बाहेरून बघून गेले आणि काही बोलले नाहीत, त्यावरून आम्ही समजलो की जिंकलो.

मग फुलांच्या मागची इवली फळं पिवळी पडून गळायला लागली. बोटाएवढी व्हायची, टोकाला मऊ पडायची आणि गळायची. काका म्हणाले, माशी शिरतेय. त्यांनी विटांच्या फटींत माती भरली, दाराला तिसरा पदर लावला, शिवणीवर पुन्हा शिवण मारली. फळं गळतच राहिली. काकांनी गळलेली फळं ब्लेडने चिरून पाहिली, भिंग लावून पाहिली. अळी नाही, डंख नाही. पाळीवरून आले की ते जेवायच्या आधी तिथे उकिडवे बसायचे. मिश्राजी रस्त्यातून जाता जाता विचारायचे, "इन्स्पेक्टर साब, कद्दू कब खिला रहे हो?" आणि इकडे पावसाळी वेलांचं बी लावायचे दिवस जवळ येत होते.

"दोष सापडत नाही आणि माल वाया," काका भिंतीवरून मला म्हणाले. "माझ्या उभ्या नोकरीत असं झालं नाही, सूनबाई." त्यांचा आवाज पार पडला होता.

त्या वेळी खिडकीच्या काचेवर टकटक झाली. काकूंनी खिडकी बोटभर उघडली. "अहो, मी रोज बघतेय. मधमाश्या येतात, जाळीला फेऱ्या मारतात आणि परत जातात. तुम्ही किती दिवस हा अंतरपाट धरून उभे राहणार? त्या दोघांची गाठ कशी पडायची?"

काका उठून उभे राहिले. नवरफूल वेगळं, मादीफूल वेगळं, आणि एकाचे पराग दुसऱ्याकडे नेणारी मधमाशी बाहेर. ज्या माणसाने जन्मभर कुणाला आत सोडलं नाही, त्याने भुंग्यांबरोबर तिलाही अडवलं होतं. मला हसू फुटलं, काकूंना फुटलं, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. काका हसले नाहीत. ते म्हणाले, "जाळी उघडली तर भुंगे. नाही उघडली तर हे."

"जाळी कशाला उघडता? मधमाशीचं काम माणसाने करावं. नवरफुलाच्या पाकळ्या काढायच्या आणि त्याचा मधला दांडा मादीफुलात टेकवायचा. झालं."

"पण फुलं उमलतात पहाटे. ऊन चढलं की मिटतात. मी तेव्हा पाळीवर."

काकूंनी खिडकी आणखी थोडी उघडली. मग म्हणाल्या, "मी घरातच असते."

पहाट म्हणजे पावडरची वेळ. फुलाची आणि पोटलीची वेळ एकच होती. काकांनी नाही म्हटलं, रागावले, दुसऱ्या पाळीसाठी साहेबाशी बोलतो म्हणाले. काकूंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी काका सायकलवर टांग टाकून गेले आणि मागोमाग काकू पदर नाकाला लावून दाराबाहेर आल्या. मी धावत गेले. त्यांना उन्हाची, वाऱ्याची, चार पावलांचीही सवय उरली नव्हती. माझ्या दंडाला धरून त्या जाळीत शिरल्या आणि मी दिलेल्या स्टुलावर बसल्या. एका नवरफुलाच्या पाकळ्या त्यांनी इतक्या हळू काढल्या, की एकही फाटली नाही. मग तो दांडा मादीफुलात टेकवला आणि अगदी बारीक आवाजात, मला ऐकू जाईल एवढंच, मंगलाष्टकातलं 'सावधान' म्हणाल्या.

तेवढ्यात समोर मिश्राजी पोटली आणि काठी घेऊन अंगणात आले.

मी काही बोलणार, तर काकूंनीच जाळीतून हाक मारली. त्यांना जोर लावावा लागला. "भाईसाब, जरा रुक जाइए. ये फूल अभी बंद हो जाएंगे. फिर मैं अंदर चली जाऊंगी. उसके बाद मार लीजिए."

थांबवा म्हटलं नाही, पैजेची आठवण दिली नाही, फक्त थोडं थांबा म्हटलं. मिश्राजी पोटली धरून उभे राहिले. जाळीत भाभीजी बसल्या आहेत हे त्यांना हाकेआधी दिसलंच नव्हतं. "आप आराम से कीजिए, भाभीजी," ते म्हणाले आणि ओट्यावर बसले.

काकूंना घाई करता येत नव्हती. एक फूल झालं की दम खायच्या, मग दुसरं. ऊन चढलं, फुलं मिटली, काकू आत गेल्या. मिश्राजी उठले आणि त्यांनी गिलकीच्या पानांवरून बोट फिरवून पाहिलं. दव वाळून गेलं होतं. कोरड्या पानाला पावडर काय धरणार? त्यांनी पोटली खुंटीला अडकवली. दुसऱ्या दिवशी तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. भल्या माणसाला बाईमाणसाने थांबा म्हटल्यावर थांबणं भाग होतं, आणि काकूंचं काम दव सुकायच्या आत कधीच संपत नव्हतं. पहाटे मिश्राजी थांबलेत म्हटल्यावर शेजारच्या दोन घरांनाही पोटली काढायचा संकोच वाटायला लागला.

पण मिश्राजींच्या गिलकीवर भुंगे चढले. हे काकांना कळलं तेव्हा ते पाळीवरून आले, सायकल तशीच टेकवली, आणि चिमटा व साबणाचं पाणी घेऊन मिश्राजींच्या अंगणात गेले. संध्याकाळभर पानाखाली वाकून भुंगे वेचत राहिले. मिश्राजी आधी नुसते बघत होते, मग त्यांनी बायकोचा भुवया कोरायचा चिमटा आणला. त्यानंतर रोज संध्याकाळी हे दोघे पानांत डोकं घालून बसलेले दिसायचे. मिश्राजीसुद्धा भुंगा पाण्यात टाकताना "रिजेक्ट" म्हणायला लागले होते.

आणि फळं धरली. पहिलं टिकलं, फुगलं, तुकतुकीत हिरवं झालं. काकांनी त्याच्याभोवती वर्तमानपत्राची पिशवी बांधली, आत माशी येऊच शकत नाही हे माहीत असूनही. मग दुसरं, मग एका झुडपाला तीन-चार एकदम. पहिली तोड काकूंनी केली. काका शेजारी सुरी घेऊन उभे होते आणि "देठ ठेवा, देठ ठेवा" म्हणत होते. प्रत्येक घरी एकेक कद्दू गेला. मिश्राजींकडे काकू स्वतः गेल्या, रस्ता ओलांडून. मिश्राजींच्या बायकोने दारातच तो कद्दू दोन्ही हातांनी घेतला आणि काकूंना आत नेऊन बसवलं. काका रस्त्याच्या अलीकडे उभे राहून डोळे पुसत होते. मी पाहिलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

मिश्राजींनी शब्द पाळला. पावसाळी वेल लागले तेव्हा ते घरोघर जाऊन बोलले, आणि गोड बोलणं त्यांना काकांपेक्षा पुष्कळ बरं जमत होतं. काहींनी कुरकुर केली. एकदोन कारल्यांचा भुंग्यांनी पार फडशा पाडला, हेही खरं. पण जुन्या मच्छरदाण्या बाहेर निघाल्या, जुन्या साड्या निघाल्या, आणि सगळी गल्ली पहाटे फुलांची लग्नं लावायला काकूंकडून शिकून गेली. दम लागायचा तो काकूंना लागायचाच. तो काही कद्दूने जाणार नव्हता. पण खिडकी उघडी राहायला लागली, आणि आतून कधी कधी गुणगुणणं ऐकू यायचं.

पुढच्या वर्षी गल्लीच्या टोकाच्या क्वार्टरमध्ये बदली होऊन एक नवं बिऱ्हाड आलं. त्या गृहस्थांनी हौसेने भोपळा लावला आणि एका पहाटे पोटली घेऊन अंगणात उतरले. पहिली काठी मारायच्या आत मिश्राजी बनियनवरच तिथे पोचले. मी दूध घ्यायला बाहेर आले होते.

"भाईसाब, ये अंदर रख दीजिए. इस गली में नहीं चलता."

"क्यों? टाउनशिप का कोई नियम है?"

मिश्राजींना सांगण्यासारखं खूप होतं. गॅस, काकूंची छाती, त्यांची स्वतःची पैज. त्यांनी डोकं खाजवलं.

"नियम-वियम कुछ नहीं. इस टाइम हमारी भाभीजी बाहर बैठती हैं."

नव्या माणसाने पोटली खाली घेतली आणि वळून पाहिलं. काकू बाहेर बसल्या होत्या.